दीपनगरच्या जुन्या संचांच्या जागी छोटी अणुभट्टी बसेल का? आणि त्यासाठी सरकारने पैसा का घालायचा?

प्रश्न दोन आहेत: केंद्राने छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी ठेवलेले २० हजार कोटी योग्य आहेत का, आणि त्यातून भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्राला काही मिळेल का. मी भुसावळचाच, वीज क्षेत्रात काम केलेला, म्हणून लिहितोय.

पैसा सरकारने घालावाच. नव्या प्रकारची पहिली भट्टी पदरमोड करून कोणी बांधत नाही. परवान्यापासून इंधनापर्यंत सगळं पहिल्यांदाच होणार, मग बँक कशाच्या भरवशावर कर्ज देईल? अमेरिकेत वायोमिंगमधल्या केमररला टेरापॉवर कंपनी कोळशाच्या केंद्राशेजारी ३४५ मेगावॅटची, सोडियमने थंड होणारी भट्टी उभारतेय. तिच्या खर्चात तिथलं सरकार वाटेकरी आहे. पण सरकारी हात पाठीशी असूनही न्यूस्केल कंपनीचा तिथल्याच आयडाहोतला छोट्या भट्ट्यांचा प्रकल्प खर्च फुगल्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये गुंडाळला गेला. आपल्याकडेही कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या भट्टीचं काम २००४ ला सुरू झालं आणि इंधन भरायला २०२५ उजाडलं. त्यामुळे २०३३ पर्यंत पाच देशी भट्ट्या चालू करण्याचं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातलं लक्ष्य मला तरी जरा जास्तच वाटतं. हप्ते टप्प्याटप्प्याने द्यावेत, मागचं काम पुरं झाल्यावरच पुढचा.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. बातम्यांत येणारी २२० मेगावॅटची 'भारत स्मॉल रिॲक्टर' म्हणजे आपली जुनीच, हातखंडा असलेली जड पाण्याची भट्टी. तिला संशोधनाचा पैसा कशाला? ती ज्या कारखान्याला हवी त्याने स्वतःच्या खर्चाने घ्यावी. संशोधनाचा निधी बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) २०० आणि ५५ मेगावॅटच्या नव्या आराखड्यांवर आणि उच्च तापमानाच्या भट्टीवर लागावा.

आता दीपनगर. ग्रिडची जोडणी आहे, रेल्वे आहे, टर्बाइन चालवणारी माणसं आहेत. म्हणून लोकांना वाटतं की बॉयलर काढायचा, भट्टी बसवायची, झालं. तसं जमत नाही. दीपनगरच्या कोळशाच्या संचांत वाफ पाचशे अंशांच्या वर असते, जड पाण्याच्या भट्टीतून मिळते ती अडीचशेच्या आसपास, तीही ओलसर. टर्बाइन वेगळंच लागतं. जुनं टर्बाइन वापरायचं तर गॅसने थंड होणारी उच्च तापमानाची भट्टी हवी, आणि हीच आपल्याकडे अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे.

शिवाय वाफ थंड असली की तेवढ्याच विजेला पाणी जास्त लागतं. भट्टी बंद केल्यावरही इंधनातली उष्णता लगेच जात नाही, ते थंड ठेवायला पाणी चालूच लागतं. आपल्याच तापीवर, नवापूरच्या पुढे व्यारापलीकडे, काकरापारला २२० चे दोन आणि ७०० चे दोन संच चालतात. पण त्यांच्या डोक्यावर उकाईचा एवढा मोठा जलाशय आहे! आपल्याकडे हतनूर धरण, त्यातही गाळ. म्हणून उद्या दीपनगरचं नाव जाहीर झालंच, तर मेगावॅटचा आकडा नंतर बघा. मे महिन्यात हतनूरमधून भट्टीला किती पाणी राखून ठेवलंय आणि यावल-चोपड्याच्या पाटाला किती सुटणार, हे आधी विचारा.