गणिताची शंकापेटी : दहावीतली छेदिका कुठे गेली?

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. नववीत त्याला छेदिका, संगत कोन, व्युत्क्रम कोन असं करत समांतर रेषा शिकवल्या. आता निर्देशक भूमितीत थेट ‘चढ समान, तर रेषा समांतर’. मी कोनांचं विचारलं तर म्हणतो, ‘आई, पाठ करायचं, झालं.’ शिवाय उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही, मग अशा दोन रेषा समांतर आहेत हे कळणार कसं?
– एक पालक, कराड

उत्तर : ताई, तुम्हाला ते पटलं नाही हे बरंच झालं. कोन कुठेही गेलेले नाहीत. छेदिकाही, म्हणजे दोन्ही रेषांना छेदणारी तिसरी रेषा, आहे, फक्त तिला तिथे कोणी त्या नावाने हाक मारत नाही. ती म्हणजे एक्स-अक्ष.

चिरंजीवांना आलेख कागद घेऊन बसवा. (१, २) आणि (३, ६) जोडायला सांगा, मग (२, –१) आणि (४, ३). दोन्हीकडे वायमधला फरक ४, एक्समधला २. म्हणजे ४ भागिले २, दोन्ही रेषांचा चढ २. आता रेषा एक्स-अक्षाला छेदेपर्यंत वाढवा. पहिली आरंभबिंदूतून जाईल, दुसरी (२.५, ०) मधून. या दोन्ही ठिकाणी अक्षाच्या वरचा, उजवीकडचा कोन मोजा. कोनमापक नीट धरला तर दोन्हीकडे ६३ अंशांच्या किंचित पुढे येईल. हेच नववीतले संगत कोन, छेदिकेवर दोन्ही ठिकाणी सारख्याच जागी असलेले! चढ म्हणजे या कोनाचं टॅन गुणोत्तर (काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू). कोन समान म्हणून टॅन समान, म्हणून चढ समान. आणि उलटही खरं : चढ समान तर संगत कोन समान, म्हणून रेषा समांतर. पट्टीला गुण्या टेकवून सरकवत समांतर रेषा काढतो, तिथे पट्टी जे काम करते तेच इथे एक्स-अक्ष करतो.

(चढ २ म्हणजे २ अंश नव्हेत, हेही सांगून ठेवा. बोरघाटात रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोन काढला तर जेमतेम दीड अंश! तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात.)

आता उभी रेषा. (३, १) आणि (३, ५) घेतले की ४ भागिले ०, सूत्र तिथेच अडतं. अडू दे. अशा दोन रेषा एक्स-अक्षाशी ९०-९० अंशांचे कोन करतात, संगत कोन समान, रेषा समांतर. चढाची गरजच पडली नाही. आडव्या रेषांना मात्र एक्स-अक्ष छेदत नाही. त्यांचा चढ ०. छेदिका हवीच असेल तर वाय-अक्ष घ्या.

एवढी वर्षं पेपर तपासताना खरी गडबड दिसली ती वेगळीच. चढ समान आला की मुलं डोळे मिटून ‘समांतर’ लिहितात. (१, २), (३, ६) ही एक जोडी आणि (५, १०), (६, १२) ही दुसरी. चढ दोन्हीचा २, पण चारही बिंदू एकाच रेषेवर आहेत! म्हणून एक बिंदू या जोडीतला, एक त्या जोडीतला घेऊन तिसरा चढ काढायचा. आपल्या आलेखावर (३, ६) आणि (२, –१) घेतले तर तो ७ येतो, २ नाही. म्हणजे त्या दोन रेषा वेगळ्या आहेत, आणि तिथे ‘समांतर’ लिहायला हरकत नाही.