दरवर्षी ८-९ मॅच जिंकणाऱ्या कॉलेज फुटबॉल टीमने हेड कोच बदलावा का?

तुम्ही टीमचं नाव लिहिलं नाहीये, फक्त एवढंच लिहिलंय की तुमची युनिव्हर्सिटी दरवर्षी आठ-नऊ मॅच काढते, मोठ्या टीमसमोर मात्र हमखास माती खाते, आणि अल्युमनी मंडळी कोचला हाकला म्हणून मागे लागलीयेत. माझं उत्तर: पुढचा माणूस जवळजवळ ठरलेला असल्याशिवाय हात लावू नका. मी नेब्रास्का राज्यात लिंकनला मास्टर्स केलं, नोकरी ओमाहात, म्हणजे नेब्रास्काचाच झालो म्हणा ना, आणि या विषयात नेब्रास्काइतकी महागडी शिकवणी दुसऱ्या कुणी लावली असेल असं मला वाटत नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, हे अमेरिकन फुटबॉल, आणि कॉलेजचं म्हटलं म्हणून आपल्याकडच्या इंटर-कॉलेज स्पर्धा डोळ्यासमोर आणू नका. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ८० हजारांच्या वर लोक बसतात, १९६२ पासून प्रत्येक होम गेमची तिकिटं संपलेली आहेत, शनिवारी मॅच असली की ते स्टेडियमच राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं (पहिली दोन ओमाहा आणि लिंकन, त्यानंतर सगळी गावंच). बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, युनिव्हर्सिटीचा फुटबॉल कोच असतो. त्यामुळे कोच काढायचा की नाही हा प्रश्न इथे किराणा दुकानापासून चर्चपर्यंत सगळीकडे चघळला जातो.

तर नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या टीमचं काय झालं ते ऐका. टॉम ऑस्बोर्न २५ वर्षं कोच होते, १९९४, १९९५ आणि १९९७ अशा तीन नॅशनल चॅम्पियनशिप, मग ते रिटायर झाले आणि त्यांचेच असिस्टंट फ्रँक सोलिच आले. सोलिचनी ६ सीझनमध्ये ५८ जिंकल्या, १९ हरल्या, २००१ च्या सीझनला टीम थेट चॅम्पियनशिप गेमपर्यंत नेली, तिथे मायामीने धुतलं ते सोडा. २००२ वाईट गेलं, ७-७ (म्हणजे ७ जिंकल्या, ७ हरल्या; पुढचे आकडेही असेच वाचा). २००३ ला परत ९-३ केलं, शेवटची मॅच कोलोरॅडोला हरवून संपवली, आणि दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, ऍथलेटिक डायरेक्टर (एडी, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) स्टीव्ह पेडरसननी त्यांना काढलं. कारण काय, तर प्रोग्राम मीडिऑकर होऊ देणार नाही.

बरं काढलं तर काढलं, पुढचा कोण? कोणीच नाही! जवळजवळ सहा आठवडे शोधाशोध चालली, रिक्रूटिंगचा, म्हणजे हायस्कूलचे खेळाडू मिळवायचा ऐन मोसम गेला, आणि शेवटी जानेवारीत बिल कॅलहन आले, ज्यांना एनएफएलच्या (प्रोफेशनल लीगच्या) ओकलंड रेडर्सनी ४-१२ केल्यावर नुकतंच काढलं होतं. त्यांनी नेब्रास्काचा पिढीजात ऑप्शन खेळ (बॉल घेऊन पळण्यावर भर) मोडून एनएफएलची पद्धत आणली आणि २००४ ला ५-६. १९६१ नंतर पहिल्यांदा टीम हरण्यात पुढे, ३५ वर्षं सलग बाऊल गेम (सीझननंतरची मानाची मॅच) खेळायची परंपरा तिथे संपली. २००७ मध्ये सीझन चालू असतानाच पेडरसनची नोकरी गेली आणि सीझन संपल्यावर कॅलहनची. सोलिच इकडे ओहायो युनिव्हर्सिटीत गेले आणि मिड-अमेरिकन कॉन्फरन्सच्या (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट) इतिहासात सगळ्यात जास्त जिंकणारे कोच झाले, ते वेगळंच.

एवढ्यावर शहाणपण यायला हवं होतं, पण नाही. कॅलहननंतर बो पेलिनी, २००८ ते २०१४, दरवर्षी किमान ९ जिंकायचे आणि दरवर्षी चार हरायच्या म्हणजे हरायच्याच, त्यात विस्कॉन्सिनकडून ७०-३१, ५९-२४ असले लाज काढणारे स्कोअर. माणूस तापट, चाहत्यांना शिव्या घातलेलं रेकॉर्डिंग बाहेर आलेलं. त्यामुळे पेलिनींच्या बाबतीत मी काढणाऱ्यांना पूर्ण दोष देत नाही, पण जागेवर आणलं कुणाला, तर माइक रायली, जे त्याच वर्षी ओरेगन स्टेटला ५-७ करून आले होते. तीन वर्षांत १९-१९. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणजे काय हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

आता तुमचे अल्युमनी लगेच जॉर्जियाचं उदाहरण तोंडावर फेकतील आणि ते फेकायलाच पाहिजे, कारण ते खरं आहे. मार्क रिक्ट १५ सीझन जॉर्जियाचे कोच, १४५-५१, २०१५ ला रेग्युलर सीझन ९-३, शेवटची मॅच जॉर्जिया टेकला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. तारीख बघा, २९ नोव्हेंबर! सोलिचसारखंच सगळं. फक्त इथे आठवड्याभरात कर्बी स्मार्टचं नाव जाहीर झालं, जॉर्जियाचाच जुना खेळाडू, अलाबामाला निक सेबनच्या हाताखाली वर्षानुवर्षं डिफेन्स सांभाळलेला, पहिल्या हेड कोच नोकरीसाठी तयार बसलेला. २०२१ आणि २०२२, लागोपाठ दोन चॅम्पियनशिप.

शिवाय जॉर्जियाच्या अंगणात अटलांटा आहे, हायस्कूलचे तगडे खेळाडू गाडीने दोन तासांच्या आत मिळतात. नेब्रास्काची लोकसंख्या जेमतेम २० लाख, पोरं टेक्सास-कॅलिफोर्नियातून आणावी लागतात, आणि २०११ ला बिग १२ कॉन्फरन्स सोडून बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेल्यावर टेक्सासला दरवर्षी खेळायला जाणंही बंद झालं. म्हणजे रिक्ट ९ वर अडकले होते तिथे १३-१४ ची जागा होती, नेब्रास्कात ९ हीच कदाचित कमाल होती. तुमची युनिव्हर्सिटी या दोघांत कुणासारखी आहे हे प्रामाणिकपणे बघा, बूस्टर लोकांना (टीमला देणग्या देणारे) विचारू नका, ते सगळे स्वतःला जॉर्जियाच समजतात.

अजून एक, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीतल्या काही पोलिटिकल सायन्सवाल्यांनी (हो, पोलिटिकल सायन्स) १९९७ ते २०१० चे कोच बदल तपासले होते. अगदी तळाला गेलेल्या टीमला बदलून फारसा फरक पडला नाही, आणि मधल्या फळीतल्या टीम कोच बदलल्यावर, न बदललेल्या तशाच टीमपेक्षा आणखी खाली गेल्या.

पैशाचं म्हणाल तर ते सांगायलाच नको. टेक्सास ए अँड एमने २०२३ ला जिंबो फिशरना काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं अंगावर घेतलं, कारण दोनच वर्षांपूर्वी त्यांनीच तो करार आनंदाने वाढवून दिला होता. आणि आता नुसता कोचचा बायआउट (करार मोडल्याची भरपाई) नाही, असिस्टंटचे करार वेगळे, कोच गेला की खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमधून (युनिव्हर्सिटी बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) निघायची खास मुदत मिळते ते वेगळं, आणि २०२५ पासून युनिव्हर्सिटी थेट खेळाडूंना वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत देऊ शकते, म्हणजे जुन्याला घरी बसवायला दिलेला पैसा नव्या क्वार्टरबॅकच्या (टीमचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) वाट्याचा असू शकतो.

मग कधीच काढू नये का? असं नाही. २०१८ च्या सीझनसाठी नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्टला आणलं, १९९७ च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक, यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटी) नुकतंच १३-० करून आलेला, आख्खं राज्य पाघळलं. ४-८, ५-७, ३-५, ३-९. त्या ३-९ च्या वर्षी नऊच्या नऊ हार दहापेक्षा कमी पॉइंटने, म्हणून 'थोडक्यात गेलं हो' म्हणत पगार कापून अजून एक वर्ष दिलं. २०२२ ची पहिलीच मॅच डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नवर ११ पॉइंटची आघाडी असताना साहेबांनी ऑनसाइड किक (बॉल लगेच परत आपल्याकडे घ्यायची जोखमीची छोटी किक) लावली, बॉल गेला, मॅच गेली. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ आणि दुसऱ्या दिवशी बाहेर. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर दीड कोटी डॉलरचे ७५ लाख झाले असते, तरी थांबले नाहीत, आणि मला तो निर्णय पटला. या माणसाने लिंकनमध्ये एकही सीझन जिंकण्यात संपवला नव्हता, कसली वाट बघायची?

याच्या उलट मिशिगन. २०२० ला जिम हार्बॉ २-४, ओहायो स्टेटला तोपर्यंत एकदाही हरवलेलं नाही, सगळे काढा काढा करत होते. पण त्याच माणसाने तिथेच आधी तीन वेळा १० मॅच जिंकल्या होत्या, आणि २०२० कोव्हिडचं अर्धमुर्धं वर्ष. पगार साधारण निम्मा केला, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (डिफेन्स सांभाळणारा मुख्य असिस्टंट) बदलला, तरुण असिस्टंट आणले. २०२१ ला ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं, २०२३ ला १५-० आणि चॅम्पियनशिप. (समोरच्या टीमच्या खुणा चोरल्याचं, साइन चोरीचं प्रकरण निघालं ते आहेच, मिशिगनवाल्यांनी इथे भांडू नये.)

पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनना काढलं ते मात्र माझ्यासाठी सगळ्यात अवघड प्रकरण. आदल्या सीझनला प्लेऑफची (चॅम्पियन ठरवणारी नॉकआउट स्पर्धा) सेमीफायनल, पण टॉप टेन टीमविरुद्ध ४-२१, आणि मग त्या सीझनला तोपर्यंत एकही मॅच न जिंकलेल्या यूसीएलएकडूनही हरले. तुमची केस मला थोडी अशीच वाटतेय. आता तिथे मॅट कॅम्पबेल आलेत, बघू.

तुमच्या जागी मी असतो तर आधी एडीला एवढंच विचारलं असतं की साहेब, तीन नावं सांगा जी खरोखर फोन उचलतील. नावं आली नाहीत तर हेड कोचला राहू द्या, कोऑर्डिनेटर बदलायला लावा, आणि पुढची दोन वर्षं काहीही झालं, अगदी ११-१ जरी केलं, तरी करार वाढवून देऊ नका.