पीसी जोडताय? केस शेवटी घ्या

पीसीच्या सुट्या भागांची तुझी यादी बघितली. काचेची केस (सगळे भाग बसवायची पेटी) आणि रंगीत पंखे आधी, पॉवर सप्लाय मात्र 'कुठलाही चालेल'? हे उलटं कर. स्वस्तातला सप्लाय जळाला तर कधीकधी मदरबोर्डलाही सोबत नेतो. सप्लायवरचा '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, दर्जाची हमी देत नाही. त्यामुळे कंपनी आणि वॉरंटी बघून घे. घरातलं अर्थिंगही एकदा तपासून घे.

एएमडी प्रोसेसरच्या एएम५ बोर्डावर डीडीआर५ रॅमच चालते. तुझी जुनी डीडीआर४ पट्टी त्यात बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, जसं १२४००एफ, तर त्यात स्क्रीनवर चित्र दाखवणारी ग्राफिक्स चिप नसते. 'ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात' म्हणालास तर तोवर स्क्रीन काळीच.

खरेदीसाठी आपल्या गावातल्याच दोन-तीन दुकानांत लेखी कोटेशन घे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात हजार-पाचशे वाचतील, पण वॉरंटीसाठी पुन्हा मुंबईची वारी कोण करणार? जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घेच.

जोडणी अवघड नाही. फक्त बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधल्या पिनांना बोट लावू नकोस. एक वाकली की बोर्ड कामातून गेला समज. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लाव, बोर्डात नको. निम्मे 'गेम अडकतो' म्हणणारे तिथेच चुकलेले असतात.