आरएनए, वार्धक्य आणि एक चुकीची कात्री

प्रश्न : वार्धक्याची मुळे डीएनएत असतात, असे वाचले होते. जनुकातला निरोप प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेकडे नेणारा संदेशवाहक आरएनए तर काही मिनिटांत किंवा तासांत मोडून जातो. मग त्याचा वयाशी संबंध कसा?

उत्तर : निरोप लवकर पुसला गेला, तरी पुन्हा पुन्हा तोच चुकीचा निरोप निघत राहिला तर चुकीचे प्रथिन साचत जाते. प्रोजेरिया या आजारात मुलांना लहानपणीच वार्धक्याची लक्षणे दिसतात. त्याचे कारण 2003 मध्ये कळले : एलएमएनए जनुकात एका जागी सी या डीएनए-अक्षराऐवजी टी. या बदलाने अमिनो आम्ल बदलतही नाही. आधी ग्लायसिन, नंतरही ग्लायसिन. बिघडते ते स्प्लायसिंग, म्हणजे आरएनएतला नको तो भाग कापून उरलेले तुकडे जोडणे. कापणाऱ्या यंत्रणेला भलतीच खूण ठळक दिसते, 150 अक्षरे गळतात आणि प्रथिनातली 50 अमिनो आम्ले जातात. प्रथिनाची मेदयुक्त शेपटी एन्झाइम जिथे छाटते, ती जागा नेमकी त्यांतच असते. शेपटी तशीच राहते, प्रथिन केंद्रकाच्या आवरणाला चिकटून बसते आणि केंद्रक वेडेवाकडे होते. या बिघडलेल्या प्रथिनाला प्रोजेरिन म्हणतात. ते निरोगी माणसांच्या पेशींतही अत्यल्प बनते, कारण ती खूण मूळ जनुकातही पुसट असतेच. म्हणून हा दुर्मीळ आजार आम्हा संशोधकांना इतका मोलाचा वाटतो. मात्र सर्वांच्या म्हातारपणाचे खापर प्रोजेरिनवर फोडू नये.

शिवाय सगळेच आरएनए निरोप्ये नसतात. टेलोमेरेज या एन्झाइममधला आरएनए हा गुणसूत्रांची टोके वाढवण्याचा साचा असतो. त्यात दोष असेल तर फुप्फुसे कडक होऊ शकतात, अस्थिमज्जा थकते.

प्रश्न : मग आरएनएच्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर : नाही. स्वादुपिंडातले रायबोन्यूक्लिएज आतड्यात आरएनएचे तुकडे करते. पेशीपर्यंत तो अखंड पोहोचत नाही. त्यातल्या प्युरिन या घटकांचे युरिक ॲसिड होते, म्हणून गाऊट (युरिक ॲसिड साचून होणारी सांधेदुखी) असलेल्यांनी तर या गोळ्यांपासून दूरच राहावे.

खरी आरएनए औषधे वेगळी घडवलेली असतात. कोलेस्टेरॉलसाठीच्या इन्क्लिसिरानमध्ये रासायनिक बदल करून रेणू टिकाऊ केला जातो आणि यकृताच्या पेशी ओळखतील अशी साखर त्याला जोडतात. त्वचेखाली पहिले इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरे, पुढे दर सहा महिन्यांनी एक. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ते एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरवते, वय नव्हे.