चॅनेलच्या नावाची नोंदणी: दोन वर्ग आता, तिसरा नको

प्रश्न: मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहते. चार वर्षांपासून माझे पाककृतींचे यूट्यूब चॅनेल आहे. चॅनेलच्या नावात 'कोल्हापुरी' हा शब्द आणि त्यापुढे आमच्या आजेसासूबाईंचे घरातले लाडके नाव आहे. जाहिरातींतून महिन्याला सरासरी १४,००० रुपये मिळतात. चित्रीकरण आणि संकलन धाकटे दीर पाहतात, आणि जाहिरातीचे पैसे त्यांच्याच खात्यात जमा होतात. येत्या उन्हाळ्यापासून याच नावाने कांदा-लसूण चटणी विकण्याचा विचार आहे. एका सल्लागारांनी तीन वर्गांत, म्हणजे माल आणि सेवांच्या तीन सरकारी गटांत, ट्रेडमार्क (व्यापारी नाव) नोंदणीसाठी एकूण ४२,००० रुपये सांगितले आहेत. बँकेत ९०,००० रुपये शिल्लक आहेत. यजमान शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि घरखर्च ३२,००० रुपये आहे. हे पैसे नोंदणीत घालावेत की नवा कॅमेरा घ्यावा?

उत्तर: आपण खर्च, शिल्लक आणि मिळकत यांचे आकडे मोकळेपणाने दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. नोंदणी करावी, पण तीन वर्गांत नव्हे, दोनच वर्गांत करावी, आणि तिचे पैसे बँकेतल्या शिल्लकेतून काढू नयेत, असे माझे मत आहे. घरखर्च ३२,००० रुपये धरला, तर ९०,००० रुपये ही तीन महिन्यांचीही बेगमी होत नाही. एका पगारावर चालणाऱ्या घरात तिला हात लावणे मला पटत नाही. कॅमेऱ्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण आताच्या कॅमेऱ्यामुळे आपले उत्पन्न अडले आहे असे आपल्या पत्रातून कोठेही दिसत नाही.

आता ४२,००० रुपयांचा हिशेब पाहू. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. म्हणजे तीन वर्गांचे १३,५०० रुपये सरकारकडे जातात आणि उरलेले २८,५०० रुपये सल्लागारांचा मेहनताना व त्यावरील जीएसटी यांत जातात. हा मेहनताना फार आहे की रास्त आहे, हे त्यात काय काय येते यावर ठरते. अर्ज दाखल करणे हे या कामातले सर्वांत सोपे पाऊल आहे. खरे काम पुढे असते: नोंदणी कार्यालय अर्ज तपासून जो परीक्षण अहवाल देते त्यात आक्षेप निघाल्यास त्याला उत्तर देणे, सुनावणीला हजर राहणे, आणि जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्कच्या सरकारी पत्रिकेत, नाव प्रसिद्ध झाल्यानंतरच्या चार महिन्यांत कोणी हरकत घेतली तर प्रतिनिवेदन, म्हणजे तिला लेखी उत्तर, दाखल करणे. यांपैकी काय ४२,००० रुपयांत येते आणि कशाचे वेगळे पैसे पडतील, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. 'सगळे त्यातच आले' या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

तिन्ही वर्गांची गरज सारखी नाही. ४१ हा मनोरंजन आणि शिक्षण सेवांचा वर्ग आहे, चॅनेल त्यात येते. चटणी आणि मसाले ३० व्या वर्गात येतात. तिसरा, म्हणजे ३५ वा वर्ग, मुख्यतः दुसऱ्यांच्या जाहिराती करणे किंवा दुसऱ्यांचा माल विकण्याची सेवा देणे यांसाठी असतो. स्वतःची चटणी स्वतः विकण्यासाठी आपल्याला त्याची आज गरज नाही. तो वगळला, तर सल्लागारांच्या सध्याच्या दरानेही खर्च २८,००० रुपयांवर येतो, म्हणजे साधारण दोन महिन्यांच्या जाहिरातीच्या उत्पन्नाइतका, आणि तो त्या उत्पन्नातूनच भागवावा. थोडी घासाघीस केल्यास तो आणखी खाली यावा. लवकर परीक्षण व्हावे म्हणून जादा शुल्क भरण्याचा पर्यायही कोणी सुचवील. व्यक्तीसाठी ते शुल्क २०,००० रुपये आहे, आणि आपल्या उलाढालीला ते मुळीच परवडण्यासारखे नाही.

दोन वर्गांपैकी ३० व्या वर्गाची मला अधिक काळजी वाटते. चॅनेल चार वर्षे चालू आहे. त्याच्या प्रत्येक चित्रफितीवर तारीख आहे, आणि नाव आपण आधीपासून वापरत आहात हे त्यावरून दाखवता येते. आपल्याकडच्या कायद्यात आधीच्या वापराला मोठे वजन असल्याने, नोंदणी नसली तरी कोणी ते नाव उचलल्यास आपण अगदीच निराधार ठरत नाही. चटणीच्या बाबतीत मात्र आपल्या हाती अजून काहीच नाही. मसाल्याच्या पाकिटांवर आजी, काकू, अक्का आणि मावशी यांची किती दाटी असते, ते लक्ष्मीपुरीतल्या कोणत्याही किराणा दुकानात दिसेल. म्हणून एक रुपयाही भरण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क शोध घ्यावा. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, वेगवेगळ्या स्पेलिंगने, तसेच उच्चारसाधर्म्याच्या पर्यायानेही तपासावे. ३० व्या वर्गात तेच किंवा कानाला तसेच वाटणारे नाव आधीपासून असेल, तर चटणीला दुसरे नाव द्यावे लागेल. हे आज कळले तर फुकटात निभावेल. पाकिटे छापून झाल्यावर कळले तर छपाईचा सगळा खर्च पाण्यात जाईल.

याच कारणासाठी, ३० व्या वर्गाचा अर्ज दाखल होऊन अर्ज क्रमांक हाती येईपर्यंत चॅनेलवर चटणीची घोषणा करू नये. विक्री सुरू झालेली नसतानाही, नाव वापरण्याचा मानस आहे असे नमूद करून अर्ज करता येतो. ४१ व्या वर्गाच्या अर्जात मात्र पहिल्या वापराची तारीख लिहावी आणि सोबत पुराव्यांसह प्रतिज्ञापत्र जोडावे. चटणीचा बेत पुढे बारगळला आणि नोंदणीनंतर सलग पाच वर्षे ते नाव त्या मालावर वापरलेच गेले नाही, तर दुसरा कोणी ती नोंदणी काढून टाकण्याची मागणी करू शकतो. उन्हाळ्याचा बेत कितपत पक्का आहे, मिरची कोठून घेणार, कांडप कोठे करणार, एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी कधी करणार, हे घरात बसून ठरवावे आणि मगच ३० व्या वर्गाचे पैसे भरावेत.

नावाविषयी दोन गोष्टी. 'कोल्हापुरी' या शब्दावर आपल्याला एकटीला हक्क मिळणार नाही. तो गावावरून आलेला शब्द आहे, आणि कोल्हापुरी चपलेचे तर भौगोलिक मानांकनही (विशिष्ट भागातल्या मालाच्या नावाला मिळणारे सरकारी संरक्षण) महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांना मिळून दिलेले आहे. आपल्या नावात खरे बळ आहे ते आजेसासूबाईंच्या नावात. त्या हयात असतील, किंवा त्यांना जाऊन वीस वर्षे झाली नसतील, तर ट्रेडमार्क निबंधक (नोंदणी करणारे अधिकारी) त्यांचे किंवा त्यांच्या वारसांचे संमतीपत्र मागू शकतात. ते कागद आधीच तयार ठेवावेत. दुसरे असे की अर्ज शब्दांसाठी करावा, बोधचिन्हासाठी नव्हे, कारण चॅनेलची चित्रे दर दोन वर्षांनी बदलतात आणि शब्द टिकतात.

पत्रातल्या ज्या ओळीवर मी सर्वांत जास्त थांबलो, ती ट्रेडमार्कविषयी नव्हतीच. जाहिरातीचे पैसे दिरांच्या खात्यात जमा होतात, याचा अर्थ कागदोपत्री ते उत्पन्न त्यांचे दिसते. चॅनेलचे ई-मेल खातेही त्यांच्याच नावाने असण्याची शक्यता मला वाटते. उद्या आपण आपल्या नावाने अर्ज केलात आणि वापराचा पुरावा म्हणून जोडलेल्या पावत्या दिरांच्या नावाने असल्या, तर समोरचा वकील पहिले बोट तेथेच ठेवील. घरात आज सगळे गोडीगुलाबीने चालले आहे हे मी गृहीत धरतो. म्हणूनच हा विषय आजच काढणे सोपे आहे. नावाची मालक कोण, दिरांच्या कामाचा मोबदला महिन्याला ठरावीक रक्कम की उत्पन्नातला हिस्सा, आणि ते पुढे वेगळे झाले तर चॅनेलचा ताबा कोणाकडे राहील, हे मुद्रांकावर लिहून आपण, यजमान आणि दीर अशा तिघांच्या सह्या घ्याव्यात आणि जाहिरातीचे खाते आपल्या नावावर आणावे. आपण आणि दीर दोघांनी मिळून धंदा करायचा असेल, तर भागीदारी संस्था काढून तिच्या नावाने अर्ज करावा. मात्र संस्थेची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल, तर सरकारी शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० ऐवजी ९,००० रुपये पडते. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, त्यामुळे ती आधी करून घेणेच शहाणपणाचे.

नोंदणीची मुदत अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे असते. नूतनीकरणाला व्यक्तीसाठी सवलत नाही. प्रत्येक वर्गाला ९,००० रुपये भरावे लागतात, हे आजच वहीत टिपून ठेवावे. नोंदणीमुळे पाककृती सुरक्षित होत नाहीत. कोणी आपली चित्रफीत उचलली तर तो कॉपीराइटचा प्रश्न आहे आणि तो हक्क नोंदणीविना मिळतो. प्रमाणपत्र येईपर्यंत नावापुढे टीएम हे चिन्ह लावता येते, वर्तुळातला आर लावता येत नाही.

अर्जदाराचे नाव आणि पत्ता जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. आपल्या चॅनेलला अनोळखी प्रेक्षक बरेच असणार, म्हणून घराऐवजी व्यवसायाचा पत्ता देता येईल का, हे सल्लागारांना विचारावे. कार्यालयाचा पत्रव्यवहार बहुधा सल्लागारांच्या ई-मेलवर जाईल आणि परीक्षण अहवालाला उत्तर देण्यासाठी एकच महिना मिळतो. मुदत टळली तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते. तेव्हा अर्ज क्रमांक स्वतःजवळ ठेवावा आणि महिन्यातून दोनदा संकेतस्थळावर स्थिती आपण स्वतः पाहावी.