भीतीचं ‘विलोपन’ होतं की भीती ‘चेपते’?

प्रश्न नाशिकहून आला आहे. भयगंडावरच्या उपचारांचं माहितीपत्रक रुग्णांसाठी मराठीत करायचं आहे. मानसशास्त्रातल्या ‘एक्स्टिंक्शन’ला पाठ्यपुस्तकात ‘विलोपन’ आहे. तो शब्द जड वाटतो, तर ‘भीती नाहीशी होणे’ लिहावं का?

‘नाहीशी होणे’ अजिबात नको. ते सोपं आहे, पण खोटं आहे; आणि ‘विलोपन’मध्येही लोप पावण्याची तीच चूक दडलेली आहे. एखाद्या आवाजाबरोबर काही वेळा विजेचा सौम्य झटका दिला की नुसत्या आवाजाचीही भीती बसते. मग झटका न देता तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की भीती ओसरते. यालाच ‘एक्स्टिंक्शन’ म्हणतात. मात्र मूळची आठवण पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना खाण्याची खूण मिळताच लाळ सुटायची; खाणं न देता नुसती खूण केली की ती अशीच थांबायची आणि मध्ये काही वेळ गेला की पुन्हा सुटायची.

मेंदूत काय घडतं? खूण आणि धोका यांची गाठ बसते ती अमिग्डला या मेंदूच्या भागात. (हे नाव बदामाच्या ग्रीक शब्दावरून आलं, आकारही तसाच.) ही गाठ सुटत नाही. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मधला, खालचा भाग ‘आता धोका नाही’ हा नवा धडा धरून ठेवतो आणि अमिग्डलाला आवर घालतो. हा धडा कुठल्या जागी लागू करायचा, यात हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागाचा हात असतो. म्हणूनच कुत्र्यांच्या भीतीवर उपचार घेऊन कॉलेज रोडवरच्या दवाखान्याच्या खोलीत कुत्र्याशेजारी निवांत बसणारा माणूस तपोवनाच्या वाटेवर भटकं कुत्रं दिसताच थिजू शकतो. उपचारात कुत्रं, जागा आणि वेळ बदलत राहतात ते यासाठीच.

आता बोलीकडे बघा. भीती ‘बसते’ आणि ‘चेपते’. चेपलेली वस्तू दबलेली असते, संपलेली नसते. ती पुन्हा डोकं वर काढू शकते. मेंदूतल्या घडामोडीला इतका जवळचा शब्द घरात असताना संस्कृताकडे धावायची गरज नाही. ‘भीती मोडली’ही चालेल, कारण मोडलेली खोडही उलटते. ‘भीड चेपली’ मात्र टाळा. भीड म्हणजे संकोच, आणि ती चेपली म्हटलं की माणूस निर्ढावला असा वास येतो.

सगळ्यात जपायचं ते ‘दडपणे’पासून. ‘भीती दडपून टाका’ असं वाचलेला रुग्ण डोळे मिटतो, मान फिरवतो, मनात आकडे मोजत वेळ काढतो. कुत्रं समोर असूनही ‘ते चावेल’ हा त्याचा अंदाज खोटा ठरायला वावच मिळत नाही, नवा धडा तयार होत नाही आणि उपचार फसतो. भीती चेपते ती आपली आपण, दडपणं ही रुग्णाने केलेली जबरदस्ती. म्हणून क्रियापद अकर्मकच ठेवा : ‘भीती चेपते’. ‘भीती चेपा’ असा आदेश नको.

पत्रकात असं लिहिता येईल : ‘ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर पायरीपायरीने, नजर न चुकवता थांबलात की भीती हळूहळू चेपते. नव्या जागी ती पुन्हा जाणवली तर उपचार वाया गेला असं समजू नका. त्या जागीही तसाच सराव करा.’ तज्ज्ञांसाठीच्या पानावर ‘विलोपन’ राहू द्या, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे भीती चेपणे’ एवढं जोडा.