बॉल तोच, रॅकेट तीच, मग कोर्ट बदललं की खेळाडू का बदलतो? (उत्तर लांबलंय, आधीच सांगतो)

तुमचा मुद्दा मला असा समजला: टेनिसमधला टॉप टेनचा खेळाडू आहे, रोज सहा तास प्रॅक्टिस करतो, मग माती काय नि गवत काय, त्याला एवढा फरक पडायलाच नको, आणि हरल्यावर "सरफेस सूट झाला नाही" म्हणणं हा बहाणा आहे. आणि शेवटी विचारलंत की आता तर सगळी कोर्टं सारखीच झालीत ना. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, पण थोडंच.

आधी २००८ घ्या. ८ जूनला फ्रेंच ओपनची (पॅरिसची स्पर्धा, मातीवर) फायनल, नदालने फेडररला ६-१, ६-३, ६-० असा धुतला, म्हणजे नंबर वन माणसाला अख्ख्या मॅचमध्ये चार गेम. बरोबर चार आठवड्यांनी, ६ जुलैला, तेच दोघं विम्बल्डनच्या गवतावर फायनलला, आणि ती मॅच गेली पाच सेट, ४ तास ४८ मिनिटं, शेवटचा सेट ९-७. जिंकला नदालच, पण चार गेम मिळवणारा माणूस चार आठवड्यांत जिंकण्यापासून दोन पॉइंटवर येऊन पोचला होता. चार आठवड्यांत कोणी टेनिस शिकत नाही की विसरत नाही. पायाखालचं बदललं होतं.

आता होतं काय ते. लोक म्हणतात क्ले (माती) स्लो, ग्रास (गवत) फास्ट, हार्ड (कडक पक्कं कोर्ट) मधलं. चूक नाही, पण अर्धवट आहे, कारण स्पीडइतकीच महत्त्वाची असते बाउन्सची उंची, आणि त्याहून महत्त्वाचे पाय (त्यावर खाली येतो, माझा आवडता विषय आहे). बॉल मातीवर पडतो तेव्हा घर्षण जास्त, तो जरासा रुततो, समोरची बारीक पूड ढकलतो, त्यात पुढे जायचा वेग मरतो आणि बॉल वर जास्त उठतो. गवताची पाती गुळगुळीत, त्यावरून बॉल घसरत निघतो, आणि खालची जमीन उभा वेग खाऊन टाकते म्हणून तो फारसा उठतही नाही, खालीच राहतो. हार्ड कोर्टात खाली डांबर किंवा काँक्रीट आणि वर अ‍ॅक्रिलिक रंगाचे थर, त्या रंगात वाळू किती आणि केवढी जाड घातली त्यावर स्पीड ठरतो, म्हणून "हार्ड कोर्ट" हा एक प्रकार नाहीच, दोन हार्ड कोर्टांत कधीकधी माती-गवताइतका फरक वाटू शकतो. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशन कोर्टाचा पेस (बॉल पडल्यावर किती वेगाने निघतो ते) मोजून त्याला आकडा देतं, २९ आणि खाली म्हणजे स्लो, ४५ आणि वर म्हणजे फास्ट, मध्ये तीन पायऱ्या. कार्पेट नावाचाही एक प्रकार होता, अजून फास्ट, पुरुषांच्या मोठ्या टूरवरून २००९ नंतर गेलाच, सोडून द्या.

हे सगळं नदाल-फेडररला लावा. डावखुऱ्या नदालचा फोरहँड क्रॉसकोर्ट (तिरका, समोरच्या कोपऱ्यात) थेट फेडररच्या एका हाताच्या बॅकहँडवर येतो. टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) इतका की मातीवर पडून बॉल फेडररच्या खांद्याच्या वर उसळायचा. एका हाताने बॅकहँड मारून बघितलाय कधी खांद्याच्या वर? जोरच लागत नाही, मनगट वर, कोपर अडकलेलं, मग एकतर मागे सरका नाहीतर बॉल चढतानाच घ्या, आणि चढतानाचा बॉल म्हणजे टायमिंग जरा हुकलं की फ्रेमला. तोच फोरहँड, तोच स्पिन, गवतावर कमरेपाशी यायचा, आणि कमरेपाशी आलेल्या बॉलचं फेडरर काय करायचा ते तुम्ही बघितलंच आहे. शॉट एकच, फक्त हातभर उंचीचा फरक, आणि त्या हातभरात फ्रेंच ओपनच्या चार फायनल गेल्या (२००६, ०७, ०८, ११).

उलट्या बाजूने सॅम्प्रस, नव्वदच्या दशकातला अमेरिकन नंबर वन. १४ ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा), त्यातली ७ विम्बल्डन, आणि पॅरिसमध्ये सगळ्यात पुढे गेला तो १९९६ च्या सेमीपर्यंत. त्याचा अख्खा खेळ सर्व्ह आणि पुढच्या एक-दोन शॉट्सवर होता, समोरच्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही. मातीने तो वेळ समोरच्याला परत दिला. सर्व्ह तेवढाच जोरात पडायचा, पण रिटर्न करणारा मागे उभा राहून पोचायचा, मग रॅली, मग अजून एक बॉल परत. आणि थॉमस मुस्टर घ्या, १९९५ चा फ्रेंच चॅम्पियन, पुढच्या वर्षी नंबर वन, करिअरमधली ४४ टायटल्स आणि त्यातली ४० क्लेवर! विम्बल्डनला चार वेळा गेला, चारही वेळा पहिल्याच राउंडला बाहेर. नंबर वन झालेला माणूस विम्बल्डनला एक मॅच जिंकू शकला नाही, याला बहाणा म्हणणार का?

आता पाय. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा वरून असतो आणि आपण बॉल बघतो. मी वीसेक वर्षं क्लब लेव्हलला खेळतोय, जवळपास सगळं हार्डवर. पहिल्यांदा क्लेवर मॅच खेळलो तेव्हा मला वाटलेलं स्लो आहे, सोप्पं जाईल, बॉलला वेळ मिळेल. तिसऱ्या गेमला फोरहँडच्या कोपऱ्यात एक बॉल आला, मी हार्डवर करतो तसा पळत गेलो, पाय रोवला, आणि पाय रोवलाच गेला नाही, तो गेला पुढे, मी मागे, बॉल कुठे गेला माहिती नाही, मांडी धरून बसलो. समोरचे काका (साठीचे असतील) हसून म्हणाले, "थांबून मारू नकोस, घसरत मार." त्या एका वाक्यात सगळं क्ले कोर्ट आहे. हार्डवर आपण पोचतो, ब्रेक लावतो, मारतो, परत फिरतो. क्लेवर दोन पावलं आधीच घसरायला सुरुवात करायची, घसरता घसरता मारायचं, आणि घसरण संपते तिथूनच परतीचं पहिलं पाऊल. हे ज्याला लहानपणापासून अंगात आहे तो मातीवर प्रत्येक बॉलला अर्धं पाऊल वाचवतो, आणि तीन तासांच्या मॅचमध्ये ती अर्धी अर्धी पावलं किती होतात हिशोब करा. ते काका माझ्याशी ६-१, ६-२ जिंकले, घामही नव्हता आला.

गवतावर अजून वेगळं. तिथे जोरात पाय ढकलला की निसटतो, म्हणून छोटी छोटी पावलं, गुडघे वाकलेले, बूड खाली, कारण बॉलही खालीच आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत गवत हिरवं, ओलसर असतं तेव्हा तर भयंकर. २०२१ च्या विम्बल्डनला एकाच दिवशी सेंटर कोर्टवर आधी फ्रान्सचा मानारिनो घसरून गुडघा धरून बसला (फेडररच्या विरुद्ध, तोपर्यंत चांगला खेळत होता), मग सेरेना घसरली आणि पहिल्याच सेटमध्ये मॅच सोडावी लागली. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनपाशी (कोर्टाच्या मागच्या रेघेपाशी) गवत उडून माती दिसायला लागते, तिथे पकड बरी मिळते. म्हणजे एकाच स्पर्धेत पहिल्या राउंडचं कोर्ट आणि फायनलचं कोर्ट वेगळं.

आणि हे सगळं बदलायला वेळ किती मिळतो? फ्रेंच आणि विम्बल्डनमध्ये आधी दोनच आठवडे असायचे, २०१५ पासून तीन झाले. त्या दोन आठवड्यांच्या काळात स्वीडनच्या बोर्गने १९७८, ७९, ८० असं सलग तीन वर्षं दोन्ही जिंकलं, मला आजही ते टेनिसमधलं सगळ्यात अवघड काम वाटतं, वाद घालायचा असेल तर घाला.

मजा म्हणून २००७ मध्ये एक प्रदर्शनी मॅच झालेली मायोर्कात, अर्धं कोर्ट गवत, अर्धं माती, मध्ये नेट. नदाल तेव्हा क्लेवर सलग ७२ मॅच जिंकलेला, फेडरर ग्रासवर ४८. दर वेळी बाजू बदलताना दोघं शूज बदलायचे! नदाल जिंकला, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकला १२-१०. त्यातून सिद्ध काहीच झालं नाही, पण दोन गेम झाले की खुर्चीत बसून लेस सोडणारे ते दोघं बघितले की पायांचं महत्त्व पटतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा, सगळी कोर्टं सारखी झालीत. इथे मी बराचसा तुमच्या बाजूचा आहे. विम्बल्डनने २००१ पासून गवताचं मिश्रण बदललं, आधी ७० टक्के राय आणि ३० टक्के फेस्क्यू (दोन्ही गवताच्या जाती) होतं, ते शंभर टक्के राय केलं, ते टिकाऊ, खालची जमीनही कडक राहते, बॉल जास्त उठतो. २००१ ची फायनल इव्हानिसेविच-राफ्टर, दोघंही सर्व्ह करून नेटकडे धावणारे. २००२ ची ह्युइट-नालबांदियान, दोघंही बेसलाइनला चिकटलेले. एका वर्षात! अर्थात फक्त गवतामुळे नाही, रॅकेटला पॉलिएस्टरच्या स्ट्रिंग्ज आल्या होत्या, ब्राझीलच्या क्यूर्तनने १९९७ ला त्या घेऊनच पॅरिस जिंकलेलं, त्या स्ट्रिंग्जमुळे रिटर्न आणि पासिंग शॉटला (नेटवर आलेल्याच्या बाजूने काढलेला शॉट) इतका स्पिन मिळायला लागला की नेटवर जाणं म्हणजे बळी द्यायला मान पुढे करणं. परिणाम बघा: ऑस्ट्रेलियाच्या लेव्हरनंतर (१९६९) चारही ग्रँड स्लॅम जिंकलेला पुरुष थेट आगासी, १९९९ ला, म्हणजे ३० वर्षांनी. पुढच्या १७ वर्षांत तिघं, फेडरर, नदाल, जोकोविच. तिघं महान आहेतच हो, पण कोर्टं जवळ आली नसती तर हे इतकं पटापट झालं असतं असं मला नाही वाटत.

पण जवळ आली म्हणजे एक झाली नाहीत. नदाल पॅरिसमध्ये ११२ जिंकला, ४ हरला, असा रेकॉर्ड त्याचा दुसऱ्या कुठल्याच ग्रँड स्लॅमला नाही. आणि मातीचा नुसता रंग बदलला तरी काय होतं ते २०१२ ला माद्रिदच्या स्पर्धेत दिसलं. टीव्हीवर बॉल नीट दिसावा म्हणून निळी क्ले केली, ती इतकी निसरडी झाली की नदाल वर्दास्कोकडून हरला, जोकोविच टिप्सारेविचकडून, दोघंही वैतागले, पुढच्या वर्षी निळी माती बंद. जिंकला कोण? फेडरर.

बहाण्याबद्दल एवढंच म्हणेन की एकाच सीझनमध्ये एकदा म्हटलं तर कारण, पाच वर्षं तेच म्हटलं तर बहाणा. रशियाचा मेदवेदेव बघा, पॅरिसला पहिल्या चारही वेळा पहिल्या राउंडला हरला आणि क्ले आवडत नाही हे तोंडावर सांगायचा, पण २०२३ ला रोमची स्पर्धा जिंकला, क्लेवरच. पोलंडच्या स्वियाटेकची तर चार फ्रेंच ओपन होती आणि टूरवर ग्रासचं एकही टायटल नव्हतं, सगळे म्हणायचे तिचा फोरहँडचा स्विंग लांबलचक, खाली राहणाऱ्या बॉलला वेळच पुरत नाही. २०२५ ला विम्बल्डनची फायनल ६-०, ६-० जिंकली. फ्रान्सचं उदाहरण उलटं: २०१४ च्या डेव्हिस कप (देशादेशांमधली टीम स्पर्धा) फायनलला यजमान म्हणून सरफेस निवडायचा हक्क त्यांचा, स्वित्झर्लंडकडून खेळणाऱ्या फेडररला अडचण व्हावी म्हणून बंद स्टेडियममध्ये क्ले टाकली, आणि स्वित्झर्लंड ३-१ जिंकून गेलं, निर्णायक मॅच फेडररनेच मारली.

हो, तुमचा शेवटचा छोटा प्रश्न राहिला, पुढच्या महिन्यात तुमची पहिली क्ले टूर्नामेंट आहे तर वेगळे शूज घ्यावेत का. घ्या. तळाला बारीक नागमोडी नक्षी असलेले घ्या, हार्डच्या शूजच्या तळात माती अडकून बसते आणि मग बर्फावर उभं असल्यासारखं होतं. प्रत्येक पॉइंटनंतर प्रो लोक रॅकेट बुटावर आपटताना दिसतात ना, ते रागाने नसतं, माती झाडत असतात. आणि पांढरे मोजे घालू नका, एका मॅचमध्ये विटेच्या रंगाचे होतात, माझे अजून तसेच आहेत.